डावा कोपरा

मागे एकदा आमच्या लालबागच्या जुन्या चाळीच्या मंडळाने स्मरणिका काढली. तीत माझ्या दादाच्या गिरणीच्या कबड्डी संघावर लेख होता, संघाच्या इतिहासातल्या अविस्मरणीय क्षणांचा. लिहिणारा मुलगा माझ्याकडे येऊन गेला होता. मी त्याला चहा दिला, लाडू दिला आणि त्याने विचारलं तेवढंच सांगितलं. रेल्वेवाल्यांना हरवलं तो सामना, मोडक्या बोटाने दादाने केलेली शेवटची चढाई, जिंकलेली ढाल. सगळं छापून आलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी कप्तान, म्हणजे दादा, आणि डाव्या कोपऱ्याचा गडी भर रस्त्यात गळ्यात पडून रडले, तेही आलं. ते वाचून चाळीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले म्हणे. माझे नाही पाणावले. मला राग आला.

दादा गिरणीत होता, असं आपलं म्हणायचं. हजेरीपटावर त्याचं नाव साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, पण ठेवलेला खेळण्यासाठी. तेव्हा लालबाग-परळच्या गिरण्या असे खेळाडू बाळगून असत. दुपारीच सुटायचं आणि मैदान गाठायचं. संघ जिंकतो आहे तोवर साहेब खूश, आणि साहेब खूश तोवर खात्यात कोणाची बोलायची छाती नव्हती. हरलो तर काय, हे घरात कोणी उच्चारत नसे. आई मात्र सामन्याच्या दिवशी देवापुढचा दिवा विझू देत नसे.

कबड्डीत बचावाला उभे राहताना गडी एकमेकांचे हात धरतात. टोकाचे दोघे ते कोपरे. चढाई करणारा आत शिरला की त्याचा घोटा धरायचा तो कोपऱ्याने. आमचा डावा कोपरा म्हणजे दादाचा जिवलग, खेळताना दादा त्याच्या शेजारी, हातात हात. तो परळातच जन्मलेला, आईबाप लहानपणीच गेलेले. सगळे त्याला डावाच म्हणत. रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. आई बांगड्याचं तिखलं, आमचं मालवणी कालवण, करायची. भल्याभल्यांना मातीत लोळवणारा हा माणूस माझ्याकडे भात मागताना मात्र लाजून चूर व्हायचा. मी मुद्दाम वाढत नसे. "तोंड आहे ना? मागा की," म्हणायचे. मग दादा हसत म्हणायचा, "बाय, गरिबाक छळू नको गो."

लग्न दादानेच ठरवलं. गणपती झाले की साखरपुडा. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. मला तो आवडत होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आईलाही कधी बोलले नव्हते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरणगावात दुसरं बोलणंच नव्हतं. सत्याग्रहाला तुकड्या जायच्या. पोलीस त्यांना गाडीत कोंबायचे, कुठेतरी लांब नेऊन सोडायचे, आणि माणसं घोषणा देत, हसत घरी परतायची. डाव्याचं नाव ज्या तुकडीत होतं, तिची पाळी नेमकी अंतिम सामन्याच्या दिवशी आली. सकाळी तो गेला. त्या दिवशी पोलिसांनी कोणाला सोडलं नाही, सगळ्यांना सरळ तुरुंगात टाकलं.

संध्याकाळी दादाने डाव्या कोपऱ्यात राखीव गडी उभा केला. पोरगा बिचारा भेदरलेला. समोरच्यांनी पहिल्याच चढाईत ते ओळखलं आणि मग पुन्हा पुन्हा तिथेच शिरत राहिले. मी प्रेक्षकांत बसून बघत होते. शेवटी आमच्या बाजूला दादा एकटा उरला, तोही बाद झाला आणि सामना गेला. गिरणीने त्यानंतर संघच मोडून टाकला. दादा साच्यावर उभा राहिला, आणि जी माणसं त्याला खांद्यावर घेऊन नाचली होती तीच त्याला कापडाचे तागे उचलायला सांगू लागली.

आईने भीतभीत साखरपुड्याचा विषय काढला, तेव्हा दादा म्हणाला, "जेना कोपरो सोडल्यान, तेका मी भैन देवचंय नाय."

मी कधी नव्हे ते उलट बोलले. "दादा, तो काय चोरी करून तुरुंगात गेलोहा? आणि संसार म्हणजे काय मैदान?"

"जो मैदानात रवलो नाय, तो घरात काय रवतलो?"

आमच्या घरात माणसाची परीक्षा एकच होती. वडील नव्हते, दादाचा शब्द तो शेवटचा. आई चुलीकडे तोंड करून रडली आणि मी सुपातले तांदूळ निवडत बसले.

तुरुंगातून सुटल्यावर डावा आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. दारातच उभा राहिला. दादाने खाटेवर कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डाव्याकडे बघत होते. मनातून ओरडत होते, अरे, काहीतरी बोल, भांड, एक शब्द तरी. तो थोडा थांबला आणि निघून गेला.

माझं लग्न गिरगावातल्या एका कारकुनाशी झालं. नवरा सज्जन होता, त्याच्यावर माझा राग नाही, कधी नव्हता. पण सज्जनपणाने पोटातलं दुःख जात नाही. पुष्कळ दिवस मी बांगडे घरात आणू दिले नाहीत.

मग राज्य झालं. त्या दुपारी नवरा मिरवणूक बघायला गेला होता, आणि जिन्यावरूनच दादाची हाक आली. "बाय, बघ कोणाक घेऊन इलंय!" दारात दादा आणि डावा, गुलालाने माखलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. दादा लहान मुलासारखा हसत होता. "झाला गेला गंगेक मिळाला! आज आपलो महाराष्ट्र झालो. काहीतरी गोड कर."

मी शिरा केला. डावा खुर्चीच्या कडेला बसून खाली मान घालून खात होता. मला "तुम्ही" म्हणत होता. दादा जुने सामने सांगत सुटला होता. थोड्या वेळाने डावा जायला उठला आणि मी त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले.

पायरीवर थांबून तो हळूच म्हणाला, "सामन्याच्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं कप्तानाला. म्हटलं, आज तुकडीबरोबर जाऊ की नको? तर तोच म्हणाला, जा तू, दुपारपर्यंत सोडतात, सामन्याला येशील."

मी एक पायरी खाली उतरले. "मग तेव्हा दारात का नाही बोललास?"

"कप्तान होता तो. आईसमोर त्याची मान खाली गेली असती."

"आणि मी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते स्वच्छ दिसलं. मग तो कठडा धरून जिना उतरून गेला.

आतून दादाने विचारलं, "बाय, शिरो उरलो हा काय गो?"

उरला होता. मी त्याला वाढला.