सात नंबरची बस आणि लाल रिक्षा

परवा मधल्या सुट्टीत आमच्या गणिताच्या बाईंनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. दिवाळीत क्रूझला निघाल्या आहेत. "बंदरावर उतरल्यावर बोटीचीच टूर घ्यायची, की आपली आपण गाडी करायची?" एवढाच प्रश्न. पण आकुर्डीत पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या बाईकडून एका वाक्यात उत्तर मिळत नसतं... म्हणून इथे लिहिते.

आम्ही क्रूझला गेलो, त्याआधी आमच्या घरी हा वाद महिनाभर चालला होता. मला स्वतंत्र फिरायचं होतं. मन लागेल तिथे थांबावं, समुद्राकडे बघत बसावं, घड्याळ पर्समध्ये टाकावं... आमचे हे मात्र बोटीच्या बसवर ठाम.

हे मूळचे महाळुंग्याचे. तीस वर्षं रिक्षांच्या कारखान्यात, शेवटच्या तपासणीवर. तीस वर्षांत कंपनीची बस एकदाही चुकवली नाही. लग्नाच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा नाही... हे मी विसरलेले नाही.

"बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबती," हे म्हणाले. "आपल्या आपण गेलेल्यांसाठी न्हाई थांबत. नियम हाय." यांना पटवायचं असलं की यांच्या बोलण्यात महाळुंगे येतं, आणि मग मी हरते. बसची दोन तिकिटं काढली.

तर श्रीलंका, त्रिंकोमालीचं बंदर, सकाळचे नऊ. छातीवर सात नंबरचं स्टिकर लावून आम्ही धक्क्यावरून बाहेर आलो. समोर एसी बसची रांग, आणि त्यापलीकडे, झाडाखाली, एक लाल रिक्षा.

हे थांबले. मग बस सोडून तिकडे चालू लागले... झोपेत चालल्यासारखे.

रिक्षाचे मालक सेल्वम, आमच्याच वयाचे. यांनी खुणेनंच विचारून मागचं झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. सेल्वमना वाटलं काहीतरी बिघडलंय, मला वाटलं यांचंच काहीतरी बिघडलंय.

"पिवळा ठिपका," आतून आवाज आला. "नट आवळून झाला की आम्ही मारायचो. पिवळा आमच्या शिफ्टचा."

पुसट होता, पण होता. यांच्याच हातचा की शेजारच्या माणसाच्या, कोण सांगणार? मी विचारलं नाही. तिकडे सात नंबरच्या बसचा गाइड आमच्या नावाने हाका मारत होता. हे मागे न बघता रिक्षात बसले आणि म्हणाले, "चल गं. बसला सांग, जा म्हणावं."

महिनाभर मी जे मागत होते ते मला असं मिळालं.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या कडेने निवांत चरणारी ठिपक्यांची हरणं. होय, भर गावात... वारा दोन्हीकडून आत येत होता आणि इंजिनाचा तो ओळखीचा आवाज. डोळे मिटले की आकुर्डी, उघडले की समुद्र. मी कितीतरी वेळ नुसती उघडझाप करत राहिले.

कड्यावरच्या देवळात दर्शन झालं. हे बाहेरच, रिक्षापाशी. सेल्वमना तुटक इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगत होते की ही मी बनवली. सेल्वमना ते कळलं तेव्हा त्यांनी यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "हाऊस. टी. प्लीज."

साडेतीनला बोटीवर परत यायचं होतं. अडीच वाजले होते.

घर गल्लीच्या टोकाला. सेल्वमच्या बायकोने चहा केला. ही रिक्षा वीस वर्षं त्यांच्याकडे आहे. मुलगी इतकी होती तेव्हापासून यातूनच शाळेत गेली, असं त्यांनी गुडघ्याजवळ हात धरून दाखवलं. आता नर्स आहे... फोटोतल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुलीकडे हे बघतच राहिले.

तीन वाजले. आता पर्समधून घड्याळ काढून पुन्हा पुन्हा बघणारी बाई मी होते! "अहो, उठा. बोट सुटेल. पासपोर्टसुद्धा बोटीवर आहेत."

"सुटली तर सुटली," हे म्हणाले आणि दुसरा कप पुढे केला.

तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. घाबरावं की ओवाळावं, कळेना.

सव्वातीनला निघालो. सेल्वमनी रिक्षा अशी हाणली की हरणंसुद्धा बाजूला झाली. तीन सत्तावीसला आम्ही धक्क्यावर होतो, केस विस्कटलेले, छातीवर सात नंबर तसाच. सात नंबरची बस अजून यायची होती. बोट तिच्यासाठी अर्थातच थांबली.

रिक्षा वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत हे उभे होते. "एकेक माझ्या हाताखाली दीड मिनिट असायची," म्हणाले. "तपासली, ठिपका मारला, गेटबाहेर. तीस वर्षं नुसतं कन्यादान केलं गं. सासर आज बघितलं."

तर बाई, तुमच्यासाठी उत्तर असं की टूर बोटीचीच घ्या. नियम बरोबर आहे आणि आमच्यासारखी धावपळ तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. फक्त बसमध्ये चढण्याआधी एकदा झाडाखाली बघा... आपल्याकडचं कुणीतरी तिथे आधीच पोचलेलं असतं.

काल चाकणच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे अडकलो होतो. पुढे नव्या कोऱ्या रिक्षांनी भरलेला ट्रेलर. एरवी हे अशा ट्रेलरला मोजून शिव्या घालतात. काल यांनी गाडीची काच खाली केली, बराच वेळ वर बघत राहिले आणि मला ऐकू येणार नाही अशा बेताने म्हणाले,

"जावा बिनघोर. समुद्र लई चांगला हाय तिकडं."