लोणारची पाण्याकाठची मोटार

माझ्या साडूच्या गावाला समुद्र होता आणि आमच्या लोणारला नव्हता, यात माझा काहीएक दोष नव्हता. पण आमच्या घरात दर दिवाळीनंतर सगळे माझ्याकडे असे काही बघत, जणू समुद्र येतच होता आणि मीच त्याला वेशीवरून परत लावून दिला!

साडू म्हणजे गणपतराव. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, यमुनेचा नवरा. मूळचा दुसरबीडचा, घरचा शेतकरी. पण शेतीकामात असा निकामी की त्यानं वखर धरला की बैल मागं वळून बघायचे. लग्नात सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाहुणे, त्याच्याकडं जरा लक्ष ठेवजा. तुमी शहाने आहा." हे वाक्य मी फार जपून ठेवलं. आणि एके दिवशी हाच गणपतराव कुण्या मोटारवाल्याच्या ओळखीनं थेट रत्नागिरीकडे गेला आणि तिथल्या एका मोटार कंपनीत चिकटला!

पहिल्या दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "साडूभाऊ, आमच्या कंपनीची एकच मोटार आहे. बंदरावरून निघते, समुद्राच्या काठाकाठानं जाते, अन् खाडी आली का थांबते. पुढं मानसं होडीनं पलीकडं जातेत."

"म्हंजे अर्ध्यावरच सोडते म्हना की!" मी म्हणालो. त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

दुसऱ्या वर्षी खाडीच्या पलीकडेही एक मोटार उभी राहू लागली. पुढच्या वर्षी दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून, मोटारच पाण्यावरून नेऊ लागले. ("त्याले जंगार म्हनतेत, साडूभाऊ." मी न विचारता!) मग बाजाराच्या गावांना फाटे फुटले, मग डोंगर चढून घाटावर मोटारी जाऊ लागल्या. दरसाल त्या कंपनीच्या मोटारींना पिलं होत होती. आणि प्रत्येक पिलामागं गणपतरावाचा हुद्दा वाढत होता. आधी इंजिनाला हॅन्डल मारणारा किन्नर (म्हणजे क्लीनर), मग तिकिटं फाडणारा, मग खाकी कोट घालून स्टँडावर नुसता उभा राहणारा! जो माणूस नुसता उभा राहतो, तोच सगळ्यांत मोठा, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आमच्याकडे मेहकर ते लोणार एकच मोटार. पहिल्यापासून एकच. त्यात ती दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल मिळेना, म्हणून मालकानं तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती. त्या धुरावर ती चालायची. म्हणजे मनात आलं तर चालायची. चढ आला की आम्ही उतरून ढकलत असू, आणि उतार आला की ती आम्हाला विसरून पुढं जात असे!

"यमीच्या गावात मोटारीच्या खिडकीतून समुद्र दिसते म्हने," आमची ही भाकरी थापता थापता म्हणायची. "आपल्या मोटारीतून काय दिसते?"

"मेहकर दिसते!"

"तेबी पोचली तर!" ती म्हणायची, आणि भाकरी जरा जास्तच जोरात आपटायची.

त्या वर्षी गणपतराव हुरड्याच्या दिवसांत आला. माझ्या शेतात कणसं भाजायची आगटी पेटलेली, गल्लीतली चार माणसं बसलेली, आणि हा खाकी कोट घालून गरम दाणे चोळत सांगतोय, "एका बाजूनं माडाची झाडं, एका बाजूनं समुद्र. मोटार अशी चालते का पोटातलं पानी हालत नाई."

हुरडा माझा. शेत माझं. आगटी माझी. आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे! माझ्या पोटात आगटीपेक्षा मोठी आगटी पेटली.

"त्यात काय मोठं?" मी म्हणालो. "आमची मोटारबी पान्याकाठूनच जाते."

सगळ्यांची तोंडं आता माझ्याकडे वळली. कारण आमची मोटार वेशीवरच थांबते आणि लोणारचं पाणी खोल कढईच्या तळाशी असावं तसं खाली आहे, हे आगटीतल्या कणसालाही ठाऊक होतं.

"कवापासून?" हिनं विचारलं. (परमेश्वरानं बायकोला हा प्रश्न काऊन दिला असेल?)

"उद्यापासून!" मी म्हणालो.

मोटारीचा ड्रायव्हर उस्मानभाई हा हुरड्याचा भोक्ता. मी त्याला पोटभर हुरडा, वर तिळाची चटणी आणि घरचं दही खाऊ घातलं. "दुपारी मोटार रिकामीच उभी राह्यते. जराशी काठावरून फिरवून आनायची, बस! पावन्यांले पानी दिसलं पायजे."

"मालकाले समजलं तर?"

"मी आहे ना!" मी छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, ही, यमुना, गणपतराव आणि आयती मोटार मिळते म्हणून शिरलेली अर्धी गल्ली. मी पुढं, उस्मानभाईच्या शेजारी. डोक्याला नवा जरीकाठी फेटा. खडखडत, धूर ओकत मोटार गाडीवाटेनं काठाच्या माथ्यावर आली आणि खाली सगळं सरोवर दिसलं. हिरवंगार पाणी, भोवती झाडी, काठाला जुनी देवळं. माझा ऊर भरून आला. मी मागं वळून म्हणालो, "पाहा! अन् पानीबी खारं आहे, तुमच्यासारखंच!"

गणपतरावानं खिडकीबाहेर मान काढून पाहिलं. मग म्हणाला, "तळं झकास आहे."

तळं! समुद्र नव्हे, सरोवर नव्हे, तळं! म्हशी बसतात ते!

"इथून लहान दिसून राह्यलं," मी म्हणालो. "उस्मानभाई, जरा खाली घ्या."

"खाली कोठी? हे गुरं उतराची वाट आहे, भाऊ!"

"गुरं जातेत तर मोटार काऊन नाई जात?"

"गुराले चार पाय आहेत!"

"मोटारीलेबी चारच चाकं आहेत!"

उस्मानभाईनं वाकून चाकाकडे पाहिलं. पण हात काही हलेना. तेव्हा मी ते वाक्य बोललो, जे मी आजही परत घ्यायला तयार आहे. मी म्हणालो, "कोकनातले ड्रायव्हर तर पान्यावरून मोटार नेतेत म्हने. जाऊ द्या. सगळ्यांले जमते असं नाई."

उस्मानभाईनं माझ्याकडे पाहिलं, मागं खाकी कोटाकडे पाहिलं, आणि दात आवळून मोटार खाली घातली. (हेवा हा संसर्गजन्य रोग आहे.)

थोडं अंतर मोटार मोठ्या ऐटीत उतरली. मग भट्टी विझली. मग इंजिन गप्प झालं. मग ब्रेकनं एक किंकाळी मारली आणि तोही गप्प झाला. मोटार मात्र चालूच! बाया ओरडायला लागल्या, कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी माझं घेतलं. (माझं नाव ज्या सुरात घेतलं, तो इथं लिहिण्यासारखा नाही.) शेवटी सीताफळाच्या एका दाट जाळीत मोटारीनं तोंड खुपसलं आणि एका कुशीवर कलून ती थांबली. टपावरचं कोळशाचं पोतं मात्र थांबलं नाही. ते उड्या मारत थेट खाली झाडीत दिसेनासं झालं.

"लागलं काय कोनाले?" गणपतराव ओरडला.

कोणालाच लागलं नव्हतं. यमुना उभी राहून खिडकीबाहेर डोकावत म्हणाली, "भाऊजी, आता पानी लय जवळून दिसते!"

तेवढ्यात वानरं आली. आमच्या लोणारच्या वानरांना पाहुणे कळतात. दोघं टपावर चढली, एकानं शिदोरीचं गाठोडं उचललं, आणि त्यांच्यातल्या एका थोराड नरानं खिडकीतून हात घालून माझा जरीकाठी फेटा नेला. झाडावर बसून त्यानं तो उलगडायला घेतला. खाकी कोटाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही! जनावरंसुद्धा मला आणि त्याला वेगळं वागवायला लागली होती.

मग गणपतरावानं कोट काढला, बाह्या सरकवल्या. ज्याच्याकडं मी लक्ष ठेवायचं होतं, तो माणूस हुकूम सोडू लागला. "बाया आधी. चढाच्या बाजूनं उतरा. घाई नोका करू. उस्मानभाई, चाकाले दगड लावा." सगळे एका शब्दावर ऐकत होते. उस्मानभाई तर त्याला 'साहेब' म्हणायला लागला!

"आता बैल पायजेत," साहेब म्हणाले. "अन् जाड नाडे."

गल्लीतले लोक धावले. जो तो विहिरीवरचा मोटेचा नाडा आणि आपापली बैलजोडी घेऊन आला. आयुष्यभर मोट ओढलेल्या त्या बैलांनी नाड्याच्या टोकाला मोटार पाहिली आणि ते चक्रावलेच. माझी जोडी सगळ्यांत पुढं जुंपली. मोठ्या अभिमानानं मी कासरा धरला आणि हाक दिली. माझे दोन्ही बैल खाली बसले.

"उठा बे!" मी ओरडलो. ते रवंथ करायला लागले.

"जरा मी पाहू काय, साडूभाऊ?" गणपतरावानं भीत भीत विचारलं. त्यानं कासरा घेतला, बैलांच्या मानेवर थोपटलं, काहीतरी पुटपुटला. बैल उठले! मोटार इंच इंच करत वर आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. ही माझ्याकडं न बघता बहिणीला म्हणाली, "यमे, नशीबवान आहेस वो."

सगळे पांगल्यावर आम्ही दोघे माथ्यावर टेकलो. ऊन उतरलं होतं. गणपतराव हात पुसत एकाएकी म्हणाला, "साडूभाऊ, खरं सांगू? मले तुमचा लय हेवा वाटते."

मी कान टवकारले. "माहा?"

"भात खाऊन खाऊन जीव कंटाळला. ज्वारीची भाकर सपनात येते. तिथं चार महिने पानी पडते, मोटारी बंद, आमी कोंदट खोलीत पडून राह्यतो. एकदा भरतीत मोटारीचं मागलं चाक रेतीत फसलं, तवा मीच ऊर बडवून रडलो होतो. तुमचं शेत, बैल, हुरडा... मंग इथं आल्यावर मोटारीचं सांगतो. दुसरं काय आहे माह्यापाशी सांगाले?"

इतकं गोड वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं! त्याच्या पाठीवर हात फिरवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं मायेचं होतं, अर्ध्याचं मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मेहकरहून मोटारीचे मालक आले. वेशीवर उभं राहून गरजले, "कोन होता तो शहाना? लोणारची सर्विसच बंद करतो!"

उस्मानभाईनं माझ्याकडं पाहिलं. गल्लीनं माझ्याकडं पाहिलं. बाजार बुडणार, म्हातारेकोतारे मेहकरच्या दवाखान्यात कसे जाणार, हे सगळं त्या बघण्यात होतं. मी दोन पावलं पुढं झालो. आणि मी एकदम बोलायला लागलो, "शेठजी, झालं ते झालं, पन मोटार वाचली कोनामुळं? माह्या साडूमुळं! कोकनात त्यानं मोटारी पान्यावरून नेल्या. एका मोटारीच्या दहा केल्या! असा मानूस सगळ्या वऱ्हाडात दिवा घेऊन धुंडा, नाई सापडनार!"

मी बोलतच राहिलो, कारण थांबलो की माझं नाव निघणार होतं. शेठजींचा चेहरा हळूहळू बदलला.

"कोठी आहे तो?" त्यांनी विचारलं. "मले असाच मानूस पायजे."

महिनाभरात गणपतराव कोकणातलं बिऱ्हाड मोडून लोणारला आला. आमच्या घराला लागून खोली घेतली. (भिंत एकच! त्याच्या घोरण्याचासुद्धा हुद्दा वाढल्यासारखा वाटतो.) सर्विसचा मॅनेजर. पुढं त्यानं लोणारहून दुसरीकडेही मोटार काढली. पहिली मोटार निघाली त्या दिवशी गावानं वेशीवर त्याचा सत्कार ठेवला आणि हार घालायला नेमका मलाच उभा केला, जवळचा नातेवाईक म्हणून!

मी हार त्याच्या गळ्यात घातला. गणपतरावानं भर सभेत वाकून माझ्या पायाला हात लावला आणि गहिवरून म्हणाला, "मंडळी, आज मी जो काही आहे, तो फक्त साडूभाऊमुळं."

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ते अक्षरशः खरं होतं!