बिनदिव्याची पाचवी

हे घृष्णेश्वरा, गर्भाच्या काळोखात जिवाला जीव देणाऱ्या कृपाळा, आधी तुझ्या चरणी मस्तक ठेवतो. कारण जिची कथा सांगायची, ती आवडाबाई भयाने अशी थिजली होती की तुझे नावही तिच्या ओठी येईना.

सोयगावजवळच्या खेड्यातली ही माउली. मुलगा बद्रीनाथ छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीवरच्या कापडदुकानात कामाला. त्याला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे ओठ जांभळे पडले. लेकरू इस्पितळाच्या काचपेटीत गेले. निरोप मिळताच आवडाबाई पाचवीचे गाठोडे घेऊन एसटीने तिथे पोचली.

"झालंय तरी काय रे तिला?"

"माय, काळजातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल झालीय. विहिरीचं पाणी फिरून विहिरीतच पडतंय, रान कोरडंच; तसं चांगलं रक्त अंगाला पोचतच नाय. उद्या सकाळी डॉक्टरीणबाई काळीज थांबवून नळ्या तोडणार अन् जागच्या जागी शिवणार."

"काळीज थांबवून? मंग तवर जीव कुठं ऱ्हाईल?"

"मशीन सांभाळंल."

उद्या पाचवा दिवस. त्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी आयुष्य लिहिते. त्याआधी तान्ह्याच्या नावे काही लिहिलेलेच नसते. तिचा स्वतःचा पहिला मुलगा पाचवी पुजण्याआधीच गेला होता. ती धावत डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली, हात जोडून.

"एकच दिस थांबा बाई. पाचवी होऊ द्या."

"आजी, चांगलं रक्त थोडं तरी मिसळावं म्हणून हृदयाजवळची एक वाट आम्ही औषधाच्या धारेवर उघडी ठेवली आहे. आज तुमच्या नातीचा प्राणवायू दोनदा घसरला. मी थांबेन, ती थांबणार नाही."

बद्रीनाथने संमतीचा कागद सही न करताच खाली ठेवला. "माय एवढं म्हणती तर..."

तेव्हा भिंतीला धरून उभी असलेली ओली बाळंतीण, सून रूपाली, बोलली. "आत्याबाई, सटवाई काय हुडकत येती? घर का लेकरू?"

"लेकरू."

"मंग लिहायला ते जितं पाहिजे का नाय?"

आवडाबाई पदराने तोंड पुसून म्हणाली, "सही कर रे. मी पाचवी आत्ताच पुजते. एक दिस आधी बोलावलं म्हणून रागावली तर मला खाईल, लेकराला नाय."

व्हरांड्याच्या कोपऱ्यात तिने गाठोडे सोडले. ताहेरा सिस्टर धावत आली.

"आजी, दिवा नको हं, इथं ऑक्सिजन चालू आहे. आणि हा दगड?"

"वरवंटा हाय बाई, पाचवीला पाट्यावर ठिवून पुजत्यात. पाटा कंडक्टरनं एसटीत घेऊ दिला नाय."

"या अल्लाह! ऑपरेशन आम्ही करायचं की हा दगड घेऊन तुम्ही?"

रूपाली हसली आणि हसता हसताच रडली. दिव्याविना, पाट्याविना हळदकुंकू वाहिले गेले.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीचे दार मिटले. हृदय केवढे? कोवळ्या लिंबाएवढे. दोरा केवढा? केसाहून बारीक. खुद्द हृदयाला रक्त पाजणाऱ्या शिरा तर गवताच्या काडीहून नाजूक. त्याही उचलून नव्या जागी जोडायच्या, आणि एक मुरडली की सारे संपले. बाहेर आवडाबाई बसली, उठली, पुन्हा बसली.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. "नळ्या जोडल्या. हृदय आपणहून चालू झालं. पण ते सुजलंय, छाती आत्ताच मिटली तर दाबलं जाईल. दोनेक दिवस उघडीच ठेवू. धोका अजून आहे."

आवडाबाईला काचेपाशी नेले. इवल्या छातीवर पातळ पडदा, आणि पडद्याखाली लेकराचे हृदय उघड्या डोळ्यांना उडताना दिसत होते. नवस आठवेना, मंत्र आठवेना. काचेला कपाळ टेकून ती एवढेच म्हणत राहिली, "चाल माझे बाई. थांबू नको. चाल."

हे दयाघना, त्या उडत्या हृदयाला तुझा ताल दे. छाती मिटू दे, दूध पचू दे, अंगणात पाऊल वाजू दे. रूपालीची ओटी, बद्रीनाथचे घर भरलेले राहो; आणि आवडाबाईच्या भ्यालेल्या जिवाला, देवा, शांत झोप लाभो.