जोहराची एकच अट

बाबामियाँचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. चाळीस वर्षं ओमानमधल्या मत्रहच्या जुन्या बाजारात कापड विकलं, पण एखाद्या गिऱ्हाइकाने घासाघीस न करता पैसे पुढे केले, की हा गडी आधी नोट उजेडात धरून बघणार.

त्याचे आजोबा रत्नागिरीहून गलबताने आले आणि ओमानीच झाले. बाबामियाँ बाजारामागच्या बोळात, भाड्याच्या घरात जन्मला. पुढे सगळ्यांसारखा तोही डोंगरापलीकडच्या अल अमेरातमधल्या नव्या घरात गेला, पण जीव त्या बोळात अडकलेला. म्हातारी घरमालकीण जोहरा हिने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडला, की घर विकायचंय आणि तुलाच विकायचंय, तेव्हा खरं तर त्याने पेढे वाटायचे. पण भाव ऐकून त्याची झोपच उडाली. बाजारभावाच्या निम्मा होता तो.

"अगो सफूरा, हेच्यात कायतरी गोम हाय," तो बायकोला म्हणाला.

"गोम तुमच्या डोक्यात हाय."

त्याने भिंती ठोकून पाहिल्या. गच्चीवर चढला. कुणी वारस उपटणार नाही ना, म्हणून शेजाऱ्यांकडे आडून आडून चौकशी केली. कागद एका वकिलाला दाखवले आणि त्या वकिलाचाही भरवसा नको म्हणून दुसऱ्याला. सगळं स्वच्छ निघालं, तसा तो आणखीच धास्तावला.

शेवटी कहवा ओतता ओतता जोहराने अट सांगितली. दाराशी वाटसरूंसाठी पाण्याचं मातीचं मडकं टांगलेलं असे, जहला म्हणतात त्याला. ती जहला रोज भरायची.

"बस, इतकंच," ती म्हणाली.

बाबामियाँला वाटलं, सापडला चोर. आज पाणी, उद्या लोक म्हणणार दार आमचं, परवा घरच धर्मादाय. दुसऱ्याच दिवशी तो कागद लिहवून घेऊन आला: या घरावर, दारावर, पाण्यावर परक्याचा हक्क नाही, विक्रीला कसलीही अट नाही.

जोहराने चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"ही जहला तुझी आई सफिया किती वर्षं भरत होती, ठाऊक आहे?"

"मी लहान होतो, खाला."

"बावीस वर्षं. मी कधी सांगितलं नव्हतं, आणि भाडेकरूचं ते कामही नव्हे. म्हणून घर सफियाच्या मुलाला द्यायचं ठरवलं."

बाबामियाँला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी भरेन, खाला. तो कागद फाडून टाका."

"कशाला? तुला लेखी हवं होतं." तिने सही केली. मग दाराशी जाऊन जहला काढली, पाणी पायरीवर ओतलं आणि रिकामं मडकं काखेत घेऊन चालू लागली.

घर बाबामियाँच्या नावावर झालं. दारावर आता नवी जहला आहे. ती तो रोज सकाळी स्वतः भरतो, आणि बोळातले हमाल तिचं पाणी पितात. जोहराही अधूनमधून त्या बोळातून जाते. ती आपली पाण्याची बाटली घरून आणते.