बल्ब लागला नाही तेव्हा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते भिवंडीतल्या टेमघरच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. दहावीनंतर वडील मला कापडाच्या लूमवर कामाला लावणार होते, म्हणून बाई घरी आल्या. "बाई, पोराला शिकवायची ऐपत न्हाय आपली," वडील म्हणाले. "ऐपतीचं मी बघते. तुम्ही त्याला फक्त सकाळी झोपेतून उठवा," बाई म्हणाल्या. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो असा.

आता मी तेलविहिरींवर असतो. खोदलेल्या विहिरीत केबलने उपकरण सोडायचं आणि प्रत्येक थर वीज किती अडवतो ते मोजायचं, हे माझं काम. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, तेल आणि वायू ती अडवतात.

मागच्या ड्युटीत एका थराने वीज चांगलीच अडवली. आलेख बघून आमच्या साहेबांनी लगेच पेढे मागवले. तेल लागलं की पेढे, अशी आमच्याकडे रीतच आहे. माणसं महिनोन्‌महिने चिखलात राबली होती. मी तेल म्हटलं तर विहीर पुढे चालणार, नाही म्हटलं तर बंद होणार.

मला बाईंचा तास आठवला. कशेळीच्या खाडीच्या पाण्यात वायरी बुडवल्या, बल्ब लागला. मग त्यांनी कागद गुंडाळलेला ग्लास घेतला. बल्ब लागला नाही. "यात काय आहे?" आम्ही ओरडलो, "रॉकेल!" बाईंनी कागद काढला. आत शाळेच्या विहिरीचं गोडं पाणी होतं. "बल्ब लागला नाही, एवढंच तुम्हाला कळलं. बाकीचं तुम्ही मनाने घातलंत."

मी साहेबांना म्हटलं, थरातल्या द्रवाचा नमुना वर काढून बघू. दुपारी नमुना आला. गोडं पाणी होतं.

"काय भिवंडीकर, तोंडातला पेढा काढून घेतलास की रे!" साहेब म्हणाले. सगळे हसले, पण माझ्याकडे कोणी बघितलं नाही. विहीर बंद झाली.

सुट्टीवर घरी आलो तरी अंगातला शीण जाईना. शेजारच्या लूमच्या खडखडाटात पडून राहायचो. बाई आता वज्रेश्वरीला राहतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं:

"बाईंना नमस्कार. तुमचा कागद गुंडाळलेला ग्लास परवा कामाला आला. गोडं पाणी निघालं. खरं सांगतो, तेल निघावं असं मलाही फार वाटत होतं. साहेबांनी मागवलेल्यातले चार पेढे तुमच्यासाठी आणायचे ठरवले होते. आता नुसताच येतो. रविवारी घरी असाल ना?"