अहवालातले तीन दगड

मी आवाज मोजते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, आणि समोरचा हमखास हसतो. नवा कारखाना यायचा असला, असलेला वाढवायचा असला, की आधी तिथली हवा, पाणी, झाडं, माणसं आणि आवाज यांची नोंद करून सरकारला अहवाल द्यावा लागतो. आमची कंपनी असे अहवाल करते. सातारा-सांगलीकडचं काम आलं की त्यातला आवाजाचा भाग आणि 'जमिनीचा सध्याचा वापर' हे प्रकरण माझ्याकडे येतं, कारण मी इकडचीच आहे. घरी या कामाचं कुणाला नवल वाटलं नाही. वडील तोफखान्यात होते आणि एक कान तिकडेच ठेवून आले. आमच्याकडे जेवताना मीठ मागायचं तरी आरडाओरडा करावा लागतो.

त्या वर्षी कवठे महांकाळकडच्या एका माळावरचं काम आलं. तिथून गॅसची मोठी पाइपलाइन जाते. गॅस लांबवर जायचा म्हणजे वाटेत त्याचा जोर कमी होतो. आमच्याकडे उसाला पाणी चढवायला टप्प्याटप्प्यावर पंप बसवतात ना, तसंच तिथे गॅसला पुढे ढकलणारं यंत्रांचं ठाणं आहे. लोक त्याला 'कंप्रेसर' म्हणतात. ते वाढवायचं होतं. कुंपण पूर्वेकडे सरकणार होतं, आत आणखी यंत्रं बसणार होती, आणि गरज पडली की गॅस हवेत सोडून देणारं एक धुराडं नव्या कोपऱ्यात उभं राहणार होतं.

माघातल्या एका सकाळी मी यंत्र घेऊन पोचले. कुंपणाच्या पूर्वेला नुसता पिवळा माळ. एक बोरीचं झुडूप, थोड्या वाळक्या लेंड्या आणि वारा. आवाज मोजायचं यंत्र तिवईवर बसवतात आणि वाऱ्यात तिवई हलली की आकडे वाया जातात. मला आधीच राग लवकर येतो, त्यात तिसऱ्यांदा तिवई पडली. बोरीच्या मुळाशी तीन चांगले दगड एका ओळीत पडलेले दिसले. ते उचलून आणले आणि तिवईच्या एकेका पायाला लावले. दोन्ही तळवे काळेकुट्ट झाले. मी त्या दगडांना शिव्या घातल्या, हात जीन्सला पुसले आणि कामाला लागले. पुराव्यासाठी फोटोही काढला: तिवई, यंत्र, मागे कुंपण.

संध्याकाळी प्रकरण लिहून टाकलं. कायमस्वरूपी वस्ती नाही. नियमित चराई आढळली नाही. लेंड्यांपुरतं 'भटक्या जनावरांचा किरकोळ वावर' असं वाक्य घातलं आणि ते मला फार काटेकोर वाटलं. जमीन वापरात नाही, असा शेवटी निष्कर्ष.

त्याच आठवड्यात आमच्या घरी, तोडणी झालेल्या उसाच्या रानात मेंढरं बसली होती. दरसाल बसतात. दिवाळी झाली की पूर्वेकडचे धनगर कळप घेऊन कृष्णाकाठाला येतात, रिकाम्या रानात मेंढरं बसवतात, रानाला खत होतं. मी लहानपणापासून त्यांना पाहते. आईनं दिलेला चहा त्यांच्याकडे नेऊन द्यायचं काम माझंच असायचं. पण पाऊस लागल्यावर ही माणसं जातात कुठे, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. जणू मेंढरांसकट ती हवेत विरून जात असावीत.

आषाढात अहवालाचा कच्चा मसुदा तयार झाला. त्याची मराठी पुस्तिका लोकांना वाचायला ग्रामपंचायतीत ठेवावी लागते, मग जनसुनावणी होते. पुस्तिका मीच लिहिली होती, म्हणून ठेवायलाही मीच गेले. काम उरकून सहज माळावर चक्कर मारली आणि जीपमध्येच बसून राहिले. माळ हिरवा होता. कुंपणाला लागून मेंढरंच मेंढरं. बोरीच्या झुडपाशेजारी पाल ठोकलेलं, आणि पालासमोर एक पन्नाशीची बाई चुलीत फुंकर घालत होती.

मी जवळ गेले, नमस्कार केला. ती बसायला म्हणाली. चहा ठेवला. मी कुठली, काय, असं चाललं असताना तिनं आपलं गाऱ्हाणं काढलं.

"बाई, ह्या माळावर कोन येतं गं हिवाळ्यात? म्या दिवाळीला जाताना चुलीचं दगूड पालथं घालून, वळीनं लावून जाते. मिरगाला आले, तर दगूड तिकडं लांब, तीन दिशेला तीन! कुणाच्या बाचं काय घेतलं हुतं म्या? त्येचं हात झडू दे."

"पालथे का घालता?" मी विचारलं.

"काळं त्वांड आभाळाकडं करून चूल सोडू न्हाई. आमची सासू म्हणायची, उगडी चूल टाकून गेलं की माघारी यायला उशीर हुतोय. तीस वर्सं झाली, म्या ही चूल कवा उगडी सोडली न्हाई."

माझ्या पिशवीत पुस्तिका होती. ती बाहेर काढली नसती तरी चाललं असतं. पण तिनंच विचारलं, ह्यात काय हाय, आणि मी दिली. तिला वाचता येत नव्हतं. ती फोटो बघत पानं उलटत गेली. एका पानावर थांबली. फोटो डोळ्याशी धरला, मग लांब धरला.

"आगं, ही तर माजी चूल हाय!"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझे तळवे पाहत होते.

"तू व्हय गं?"

"मीच, मावशी."

ती महिनाभर ज्याला शिव्या देत होती तो माणूस समोर बसून तिचाच चहा पीत होता. मला वाटलं आता कप हिसकावून घेते. पण ती पोट धरून हसायला लागली. "दगूड लागत्यात तर सांगायचं की," म्हणाली, "म्या काय न्हाई म्हणले असते?"

मला हसू येत नव्हतं. पुस्तिकेत त्याच फोटोच्या शेजारी छापलं होतं, इथे कुणी राहत नाही. आणि फोटोत चूल होती. तिची काजळी माझ्या हाताला लागली होती आणि ती मी जीन्सला पुसून टाकली होती. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोरीला चुलीचे दगड ओळखू आले नाहीत. हिवाळ्यात धनगर आमच्या रानात असतात म्हणजे त्यांच्या माळावर नसतात, एवढा साधा हिशेबही सुचला नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी तिला सगळं सांगितलं. कुंपण इथवर येणार, धुराडं तिथे होणार. तिचा चेहरा उतरला. आत्ताचं धुराडं पश्चिमेला होतं, तरी गॅस सोडला की असा आवाज व्हायचा की कळप उधळायचा. पावसाळ्यात मेंढ्या गाभण असतात. "आवाजानं गेल्या साली दोन गाभडल्या, पोटातली कोकरं गेली," ती म्हणाली. "आता हितंच आलं म्हणजे झालंच. दुसरा माळ न्हाई गं आमाला. हिकडं तिकडं समदी द्राक्षाची रानं झाली."

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत, पण अहवाल एकदा दिला की तो त्यांना वेदवाक्य वाटतो. ते म्हणाले, "पाहणी पावसाळा सोडून एका हंगामात करायची, हा नियम. आपण नियमानं केलंय."

"नियम चुकला नसेल साहेब, मी चुकले. हे लोक फक्त पावसाळ्यातच तिथे असतात. अशानं ते कुठल्याच अहवालात कधीच सापडणार नाहीत."

"सुनावणीत कुणी हरकत घेतली तर पुरवणी जोडू. आपण होऊन हात वर करायचा नाही."

माझा पारा चढला होता. घरी आल्यावर वडिलांना हे सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. निम्म्या आळीला कळलं. वडील म्हणाले, "त्या बाईला सुनावणीला बोलीव. न्हाई आली तर तू काय करनार, ते आदी ठरीव." मी ठरवलं नाही. मी मावशीकडे जाऊन तारीख सांगून आले. "आमाला कोन इचारतंय," एवढंच ती म्हणाली.

गणपती उठल्यावर सुनावणी झाली. ग्रामपंचायतीपुढे मांडव, खुर्च्या, टेबलामागे अधिकारी, एका बाजूला गॅस कंपनीची माणसं, त्यांच्या शेजारी साहेब आणि मी. माइक असा किंचाळत होता की आवाजाची तक्रार आधी त्याचीच करावी. गावातल्या तरुणांनी नोकऱ्या मागितल्या, कुणी रस्ता मागितला, कुणी स्मशानभूमीला पत्रे मागितले. ती कुठे दिसत नव्हती. आता संपणार, असं वाटत असताना मागून ती आली. पायात चिखल, डोक्यावर पदर, माइक न घेताच बोलली.

"आमी त्या कुंपणाजवळ ऱ्हातो. तितं धुराडं नगो."

अधिकारी भला माणूस होता. त्यानं नीट विचारलं, "घर नंबर काय तुमचा?"

"घर गावात हाय, एक खोली. पर मिरगापास्नं दिवाळीपतूर मेंढरं माळावर, म्हणून आमी बी माळावर."

त्यानं पानं उलटली. "पण अहवालात तर लिहिलंय की ती जमीन वापरात नाही, तिथे कुणी राहत नाही. तुम्ही राहता याला काही पुरावा आहे का?"

तिनं मांडवभर नजर फिरवली आणि बोट माझ्यावर आणून थांबवलं.

"लिवनारी बाई हितं बसलीया. तिच्या हाताला काय लागलं हुतं, तिला इचारा."

सगळे वळले. साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. ते समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होते, आणि त्याचा अर्थ मला पक्का कळत होता. नोकरी मला हवी होती. पण ती बाई चिखलातून चालत आली होती आणि तिनं पुरावा म्हणून मला पुढे केलं होतं. मी उभी राहिले.

"काजळी," मी म्हणाले. मग फोटोचं पान सांगितलं. तिवईच्या पायाशी आहेत ते यांच्या चुलीचे दगड आहेत, मीच ते न विचारता उचलले, पाहणीच्या वेळी हे लोक कळप घेऊन आमच्याकडे कृष्णाकाठाला होते, त्यामुळे माझी नोंद चुकीची आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. घरच्या सवयीनं आवाज इतका मोठा लागला की माइकची गरज पडली नाही. अधिकाऱ्यानं कारकुनाला शब्दन् शब्द उतरवून घ्यायला सांगितलं.

परतताना साहेबांनी जीप मिरज फाट्यावर चहाला थांबवली. दोन कप सांगितले, आणि माझ्यापुढे एक सरकवत म्हणाले, "पुरवणी आठ दिवसांत पाहिजे. नकाशासकट." मला एवढं बरं वाटलं की मी वडापावही मागवला.

पुरवणीसाठी मी चार दिवस माळावर बसले. पावसात यंत्र चालत नाही, म्हणून उघडीप मिळेल तेवढ्यात मोजायचं आणि बाकी वेळ पालात बसून शेंगा खायच्या. इतकं सुखाचं काम मी आजवर केलेलं नाही. मेंढरं कुठे चरतात, कुठे बसतात, पाणी कुठे पितात, हे मावशी सांगायची आणि मी नकाशावर मांडायची. वाढीव यंत्रं बसवायला परवानगी मिळाली, ती मिळणारच होती. पण कुंपण पूर्वेऐवजी रस्त्याच्या बाजूला सरकवायचं ठरलं. धुराड्याला आवाज दाबणारं नळकांडं बसणार, आणि पावसाळ्यात गॅस सोडण्याच्या आदल्या दिवशी माळावर निरोप द्यायचा, असंही लिहून आलं. अंतिम अहवालात माझं प्रकरण बदललं. मृगापासून दिवाळीपर्यंत वस्ती, चराई, चूल, असे शब्द तिथे आता आहेत. 'चूल' शब्दावर साहेबांनी पेन्सिलीनं गोल केला होता. मी तो गोल पुसून टाकला.

यंदा दिवाळीनंतर, काम सुरू होण्याआधी, पुन्हा एकदा आवाज मोजायला गेले. माळ रिकामा, पिवळा, वारा तोच. या वेळी मी तिवईला लावायला वाळूच्या पिशव्या बरोबर नेल्या होत्या. बोरीच्या मुळाशी तीन दगड ओळीनं पालथे ठेवलेले होते. त्यांना मी हात लावला नाही.

पण तिथून चार पावलांवर आणखी तीन दगड होते. चपटे, एकसारखे, आणि तिवईचे पाय जसे पडतात तसे तीन बाजूंना मांडलेले. मी खाली बसून एकेक उलटा करून पाहिला. एकालाही काजळी नव्हती.

वाळूच्या पिशव्या मी जीपमध्ये परत नेऊन ठेवल्या.