आधी वत्सलाचं मशीन

काशिनाथ वायरमन तिरसट माणूस, हे नवागामच्या त्या गल्लीत कुणीही सांगितलं असतं. लूमच्या कारखान्यात त्याची सारी हयात एकाच भांडणात गेली. लाईट जाऊन परत आली की कारागीर हौसेने सगळे लूम एकदम चालू करत, मेन फ्यूज उडे, आणि मग काशिनाथच्या तोंडाचा पट्टा सुटे. "अरे, उभी बैलगाडी हलवायला पहिला जोर केवढा लागतो! एकदा चाललं चाक की बैल मजेत जातो. मोटरचं तसंच. सुरू होताना ती सहापट करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढलं तर तार जळणार नाही तर काय होणार?" मग तो स्वतः उभा राहून एकेक रांग चालू करवायचा. कारागीर पाठीमागे हसायचे. काशिनाथला बायकोपेक्षा फ्यूजची जास्त काळजी, असंही म्हणायचे.

ते काही खरं नव्हतं. वत्सलाची फुप्फुसं आकसत चालली तेव्हा ते सगळ्यांनाच दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता हिला ऑक्सिजन कायमचा. एका ट्रस्टने हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन वापरायला दिलं. ते खाटेशेजारी बसलं, गुरगुरायला लागलं, आणि वत्सलाच्या ओठांना पुन्हा रंग आला.

पण ते राहत त्या चाळीला विजेचं कनेक्शन एकच, आणि त्यावर सगळी बिऱ्हाडं. मशीन आल्यानंतर पहिल्यांदाच लाईट गेली, परत आली, आणि घराघरातले फ्रीज, कूलर, वर पाण्याची मोटर, सगळं एका दमात उठलं. मेन फ्यूज गेला. काशिनाथ कामावर होता. तो धावत येऊन फ्यूज बांधेपर्यंत अडीनडीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर संपत आला होता आणि वत्सलाची नखं निळी पडली होती.

घरमालक भाईदास आपल्या गुजरातीत म्हणाला, "काशिनाथभाई, जाडो तार नाखी दो ने. टंटोज मटी जाय."

जाड तार घातली की फ्यूज उडत नाही, हे खरं. मग भिंतीतली वायर जळते आणि घर पेटतं, हेही काशिनाथने पाहिलेलं होतं. त्याने नकार दिला. मग हा कुणाशी धड न बोलणारा माणूस त्या संध्याकाळी दारोदार गेला आणि प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडून उभा राहिला. लाईट गेली की सगळी बटणं बंद करायची. आली की आधी वत्सलाचं मशीन. ते चाललं की शेजारचं घर, मग पुढचं, आणि सगळ्यांच्या शेवटी पाण्याची मोटर. मशीन चाललं हे कळावं म्हणून त्याने आपल्या दारावर एक लाल बल्ब लावला. मशीनचं बटण दाबलं की तो पेटायचा.

आणि चाळीने ऐकलं! नळावर हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका उन्हाळ्याच्या दुपारी घामाने निथळत लाल बल्बाकडे बघत उभ्या राहायच्या. बल्ब लागला की शेजारच्या प्रमिलाबाई पंखा लावायच्या आणि ओरडायच्या, "लावा!" ती हाक घराघरातून पुढे जायची. आधी त्यात उपकार होता, पुढे ती सवय झाली. पोरंसुद्धा टीव्हीला हात लावण्याआधी दाराबाहेर डोकावून यायची.

वत्सलाला हसू यायचं. दम खात म्हणायची, "मन्हा करता समदी गल्ली घाम काढस." आणि एकदा म्हणाली, "आख्खा जलममा मन्हा पहिला नंबर आतेच उना." काशिनाथने तोंड फिरवून उगाचच पक्कड पुसली. खरंच होतं ते, तिचा पहिला नंबर आत्ताच लागला होता. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवली, सगळ्यांच्या मागून झोपली, आणि दवाखान्यातही सगळ्यात उशिरा गेली. हे शेवटचं त्याच्या जिवाला फार लागलं होतं.

वैशाखात भर दुपारी वत्सला गेली. लाईट गेली नव्हती. मशीन नीट चाललं होतं, दारावर बल्ब पेटलेला होता. नुसता तिचा श्वास थांबला. काशिनाथला हेच सोसेना. लाईट गेली असती तर त्याने फ्यूज बांधला असता, सिलिंडर लावला असता, कुणाला तरी शिव्या तरी घातल्या असत्या. इथे त्याच्या हाताला काहीच काम नव्हतं.

तापीकाठी दहावं झालं. मुलगी स्वाती कामरेजला सासरी परत गेली. जाताना तिने नळी गुंडाळून मशीनवर ठेवली. "आप्पा, उद्या ट्रस्टचा माणूस येईल, देऊन टाका."

त्याच दुपारी, वत्सला गेल्यापासून पहिल्यांदाच, लाईट गेली. काशिनाथने सवयीने सगळी बटणं बंद केली आणि खाटेवर बसून राहिला. थोड्या वेळाने जिन्याखालच्या मेन बोर्डावरचा दिवा लागला. लाईट आली होती. पण चाळीत कुठे पंखा फिरेना, मिक्सर वाजेना. कुणाचं तरी तान्हं उकाड्याने रडत होतं. काशिनाथला वाटलं, एक फेज गेला असेल. तो उठणार तोच प्रमिलाबाई दारात आल्या.

"आप्पा, लाईट उनी."

"मग लावा ना."

"आधी तुमनं..." बाई बोलून गेल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. "सवय पडी गयी, आप्पा."

त्यांच्या मागे आपापल्या दारात माणसं उभी होती. आज कुणी नियमाची आठवण दिली नव्हती, तरी कुणी तो मोडला नव्हता. पहिलं बटण दाबायला कुणाचाच हात उठत नव्हता.

काशिनाथने मशीनवरची नळी उलगडली. तिचं टोक उशीवर ठेवलं, रोज ठेवायचा तिथे. मग बटण दाबलं. मशीन एक झटका घेऊन उठलं, गुरगुरायला लागलं, आणि दारावरचा बल्ब लागला.

प्रमिलाबाईंनी रडत रडतच हाक दिली, "लावा!" हाक पुढे गेली. एकेक घर करत पंखे फिरायला लागले, आणि सगळ्यांच्या शेवटी वर पाण्याची मोटर सुरू झाली. फ्यूज उडाला नाही.

संध्याकाळ होऊन गेली तरी काशिनाथने मशीन बंद केलं नाही. रिकाम्या उशीवर नळीतून वारा येत होता, आणि तो शेजारी बसून त्या वाऱ्यावर हात धरून होता.